शंभर ताटं आणि एक अंगठा

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत शांताराम परब भात रांधायला आला तेव्हा त्याला केस होते. आता केस गेले, भात मात्र तसाच मोकळा. कामगारवस्तीची ती खाणावळ कंपनीची होती, पण हे शांतारामला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. पाळी संपवून उशिरा आलेल्यालाही ताट मिळायचं, आणि कुणी 'पुरे' म्हटलं तर एक कुडाळी शिवी आणि वर दोन चमचे आमटी.

मग पूर आला. एरवी कोरडा ठणठणीत असलेला ओढा असा फुगला की शेगड्या, पातेली, तांदळाची पोती सगळं घेऊन समुद्राकडे गेला. सावरायला आसपासच्या कारखान्यांनी मिळून एक निधी उभा केला. शांतारामने मागितली काय, तर चार मोठी पातेली. पण निधीची अटच मोठी फॅशनेबल! पैसा पर्यावरणाच्या कामाला, नाहीतर डिजिटल कामाला. पातेलं बिचारं दोन्हीकडे बसेना. मग काय, छपरावर सोलर पॅनल आले, दारात अंगठ्याचं मशीन आलं, आणि पातेली आली शेजारच्या वस्तीतून उसनी.

मशीनचं उद्घाटन केलं निधी सांभाळणाऱ्या चंद्रशेखर साठ्यांनी. साहेब पुण्याचे. "जितके अंगठे, तितकीच ताटं. नासाडी खलास!" असं म्हणून त्यांनी फोटो काढून घेतला. जाता जाता सांगून गेले, की अंगठे कमी भरले तर ही खाणावळ बंद, मस्कतहून डबे येतील.

आणि अंगठे भरणार कसे? माणसं दिवसभर सिमेंट कालवणारी, लोखंड घासणारी. बोटांवर रेषा म्हणून उरलेल्या नव्हत्या. पहिल्याच दुपारी मशीन लाल दिवा लावून बोंबलत बसलं आणि बाहेर रांग उन्हात उभी. शांतारामचं टाळकं सरकलं.

"अरे तौहीद, यल्ला, हय ये रे मेल्या!"

तौहीद स्टोअरमधला कारकून, हात लोण्यासारखे मऊ. शांतारामने त्याला दारात स्टुलावर बसवला. प्रत्येक ताटामागे तौहीदचा अंगठा, प्रत्येक अंगठ्याला हिरवा दिवा. सगळे पोटभर जेवले.

महिनाअखेरीला साठेसाहेब तणतणत आले.

"शांताराम, हा तौहीद माणूस आहे की बकासुर? रोज शंभर ताटं जेवतो? तुमची खाणावळ बंद करतो की नाही बघा!"

"साहेबानू, हातच्या काकणाक आरसो कशाक? माझोच अंगठो बघा." शांतारामने अंगठा टेकवला. लाल दिवा. लुंगीला पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मशीनमधली बाई गोड हिंदीत म्हणाली, की अशी कोणी व्यक्ती सापडत नाही.

शांताराम आधी खो खो हसला. मग ते हसू कुठेतरी अडकलं.

"इतकी वर्सां हयसर रांधतंय," तो म्हणाला, "आणि मीच नाय?"

साठ्यांनी त्याचा हात धरून उलटा केला. तव्याने, वाफेने, तिखटाने गुळगुळीत झालेला अंगठा. साहेबांना मनापासून लाज वाटली. पण मशीन बिघडलंय म्हणावं, तर उद्घाटनाचा फोटो कार्यालयात भिंतीवर लागलेला! त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

"हं, हे तुमचं ताट," ते म्हणाले. "आधी जेवून घ्या."

तौहीद सुटला. तेव्हापासून रोज दुपारी स्टुलावर साठेसाहेब बसतात, आणि खाणावळ चालू आहे. परवा मस्कतच्या बैठकीत कुणीतरी अहवाल बघून विचारलं म्हणे, "साठे, तुम्ही एकटे एवढं जेवता?"

"काय करणार," साहेब म्हणाले, "शांतारामच्या हाताला चव आहे."