कृष्णनाथचा फायबरचा साकव

कमलचा पाय मांडीपर्यंत ओढ्यावरच्या साकवात गेला तेव्हा मी माझ्या पडवीत चहा पीत होते. तशीच धावले. गणपतीची चवथ जवळ आली की नारळाच्या सोडणाने साकव घासून काढायचा, हा तिचा दर वर्षीचा नेम. घासून उठायला गेली आणि पायाखालचा साकव फाटला. मोडला नाही हो, फाटला! जुनं गोणपाट फाटावं तसा.

कमल हसत होती, तेच भयंकर.

"बाईनू, माझो पाय खाली हवा खाता!"

साकव बांधलेला तिच्याच नवऱ्याने. कृष्णनाथ मूळचा पेडण्याकडचा. उमेदीची वर्षं फायबरच्या होड्या करण्यात गेली. साच्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर रेझिन थापायचं, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी तो लाटंबार्शाला सासुरवाडीत येऊन राहिला. इथल्या व्हाळावरचा लाकडी साकव वाळवीने खाल्ला होता, त्याआधीचा लोखंडी गंजून गेला होता. कृष्णनाथने होडीसारखा अखंड फायबरचा साकव केला. तोवर गाव त्याला बाहेरचा समजत असे. त्यानंतर देवळाच्या बैठकीत त्याला पुढे बसवू लागले.

"ह्याका गंज नाय, वाळवी नाय," तो सांगायचा. "माझी नातवंडा चलतली ह्याच्यावरसून."

होड्यांना दर वर्षी रंग देता, मग याला का नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाला, तो खाऱ्या पाण्यासाठी, इथे गोडं पाणी. मलाही ते पटलं.

आता तो आला, कमलला ओढून बाहेर काढलं, पोटरीवरचं रक्त पुसलं.

"वजन वाढला तुझा."

"तुझो साकव म्हातारो झालो, तां सांग!"

"वायच भोक पडला. ठिगळ मारतंय, सांजेक चालू."

माझा संयम संपला. "शाळेची पोरं जातात यावरून! आधी खालून बघ."

"बाई, तुमी इतिहास शिकवलात. फायबर नाय."

पण उतरला. पदर खोचून मीही उतरले. त्याने कडेला नख लावलं आणि हातभर पापुद्रा सुटून हातात आला. त्यामागे दुसरा. वरची गुळगुळीत साल सोडणाने घासून घासून कधीच गेली होती. उघड्या पडलेल्या तंतूंना ऊन खात होतं, पावसाचं पाणी थराथरात शिरत होतं. वरून बघाल तर घासूनपुसून स्वच्छ! काल शाळा सुटल्यावर याच साकवावर पोरं उड्या मारत होती, मी पाहिलं होतं.

कृष्णनाथ घरी गेला आणि करवत घेऊन आला.

गाव गोळा झाला. कमलचा भाऊ जयराम ओरडला, "भावोजी, येड लागला काय? चवथ तोंडार, गणपती खयसून आणतलो?"

"व्हाळातसून."

"ह्या साकवामुळे तुमका गाव मानता!"

"मानता म्हणानच डोळे मिटून चलता," कृष्णनाथ म्हणाला आणि करवत लावली. कमल लंगडत पुढे झाली, तिने करवतीचं दुसरं टोक धरलं. मला वाटलं होतं ती रडेल.

साकव व्हाळात पडला तेव्हा धड आवाजसुद्धा झाला नाही. इतका हलका झाला होता तो!

दुपारी शाळा सुटली. कृष्णनाथ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, एकेका पोराला खांद्यावरून पलीकडे नेत. जयराम काठावरून तोंड फिरवून निघून गेला. एका पोरीने विचारलं, "आता नवो साकव कसलो करतलास?"

"कसलोय करीन," तो म्हणाला. "पण दर वर्षी खालसून बघीन. घट्ट धर गो, शेवाळ आसा."