एका फोनवरच्या चौघी

मी नांदेडची, पण नोकरी लातूरच्या एका कॉलेजात. रसायनशास्त्र शिकवते. मी आल्यापासूनची ही तिसरी एलएमएस, म्हणजे ऑनलाइन शिकवायची प्रणाली. पहिली फुकटातली, आमच्याच कॉम्प्युटरच्या सरांनी बसवलेली. दुसरी लॉकडाऊनमध्ये घाईघाईनं आणली. आता म्हणे सगळीकडं एआयवाली चालते, म्हणून ती घेतली. पाठ, नोट्स, चाचण्या सगळं तिच्यातच. वर कोणतं लेकरू अभ्यास करतंय अन् कोणतं नाही, हेही तीच सांगणार. कंपनीचा माणूस इतकं गोड बोलला, की पोरीला चांगलं स्थळ चालून आल्यासारखे आमचे प्राचार्य खूश!

पहिल्याच महिन्यात चाकूरकडच्या तीन मुली तिच्या यादीत लाल रंगात आल्या. अभ्यास शून्य. लाल असेल त्याला परीक्षेला बसू द्यायचं नाही, असं ठरलेलं. मी चक्रावलेच. वर्गात प्रश्न विचारून माझं सगळ्यात जास्त डोकं खाणाऱ्या ह्याच पोरी!

त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा उलगडा झाला. ह्या तिघी आणि वर्गातलीच आणखी एक, अशा चौघी एकत्र राहतात आणि धड चालणारा फोन त्या चौथीचाच. तो डब्याला टेकवून पाठ लावायचा, मध्येच थांबवायचा आणि भांडायचं. "तसं न्हाई गं, इलेक्ट्रॉन इकडून जातो!" अभ्यास चौघींचा, नोंद मात्र फोनवालीच्या एकटीच्या नावावर.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. "सर, त्या पोरी शिकून राहिल्या. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मॅडम, कॉलेज तपासायला समिती आल्यावर तुमचे डोळे दाखवू का?"

कप्पाळ माझं! मी हटले नाही, तेव्हा ते एवढंच म्हणाले, की महिनाभरात हिरव्या झाल्या तर बसू देऊ. मी मुलींना तसं कळवलं.

झाल्या हिरव्या. प्राचार्यांनी सभेत नव्या एलएमएसचं कौतुक केलं, टाळ्याही पडल्या. पण वर्गात चौघी गप्प. एक प्रश्न नाही, एक शंका नाही. मला काही चैन पडेना. शेवटी त्यांतल्या एकीला व्हरांड्यात गाठलं. "काय गं, पाठ बघता ना?"

"लावतो की, मॅडम. सगळ्या विषयांचे, चौघींच्या नावानं चारदा. दुप्पट वेगात पळवतो, तरी उरकत न्हाई. थांबवून बोलायला येळच कुठाय?"

मला भयंकर संताप आला. माझा चेहरा बघून पोर घाबरली.

"हिरवं हाय ना पण अजून, मॅडम?"