खंडेनवमीच्या फ्लॉप्या

खंडेनवमीला आमच्या छापखान्यात काम बंद म्हणजे बंद. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, माणसानं हात लावायचा नाही. छपाईचं ट्रेडल, कटिंगचं मशीन, शाईचे रूळ, चिमटे, सगळ्याला हळदकुंकू अन् झेंडूचं फूल. ते लावायची माझी बायको. मानवतला धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्यावर आमचा छापखाना होता, आणि तिच्या हातची पूजा झाल्याशिवाय दसऱ्याला मशीनचा पट्टा फिरायचा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पण उलटी अक्षरं जुळवून मी अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली, मोर्च्यांची पत्रकं छापली, अन् एका शब्दाला कुणी नाव ठेवलं नाही. ही बढाई नाही. ज्याला वाटेल त्यानं आपल्या बापाची लग्नपत्रिका काढून बघावी.

मग थोरल्या पोरानं हट्ट धरला. पुण्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. तो ठेवायला जागा पाहिजे म्हणून टाइपाच्या केसी, म्हणजे अक्षरांचे खण, निघाल्या आणि अक्षरांचं सगळं शिसं मोडीत गेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मशीन अडलं तेव्हा मागं फिरायला आमच्याकडं रस्ताच उरला नव्हता.

मशीन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? त्यात मराठी अक्षरांचा प्रोग्राम औरंगाबादच्या एका कंपनीचा. त्या कंपनीचा माणूस दोन-तीन महिन्याला चक्कर मारायचा. हातात सुटकेस, अंगाला सेंटचा वास. विद्यापीठाचं नामांतर व्हायला तेव्हा अजून वर्ष-सव्वा वर्ष होतं. तो दसऱ्याच्या तोंडावर आला आणि म्हणाला,

"काका, तुमचा प्रोग्राम आता जुना झाला. कंपनीनं तो बंद केला. उद्या बिघडला तर आम्ही हात लावणार नाही."

"बिघडलाय कुठं? चालायलाय की."

"आज चालतोय. नव्यात बघा, नुसत्या गणपतीचीच किती चित्रं आहेत!"

गणपती म्हटल्यावर पोरगं पाघळलं. लग्नसराईत लोक पत्रिका निवडतात त्या गणपतीवरच. सौदा झाला. नव्या फ्लॉप्या त्यानं टेबलावर ठेवल्या आणि जुन्या बदल्यात म्हणून सुटकेसमध्ये टाकल्या. जाताना मशीनवर थाप मारली, "दणकट आहे हो," म्हणाला. नव्या प्रोग्रामला मशीनच्या आतली मूळ सिस्टीम चालती का नाही, हे मात्र त्यानं चालू करून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बायकोनं फ्लॉप्या हातात घेऊन विचारलं, "आवं, ही बी हत्यारंच न्हवं?"

"मंग? ह्याच्यावरच पोट हाय आता."

तिनं ताम्हणात मांडून एकेकीला हळदकुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पोरगा मशीनवर बसला. पहिली फ्लॉपी गेली, दुसरी गेली, तिसरीला मशीन अडलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि पुढं सरकेना. पोरगं म्हणालं, "ऱ्हाऊ द्या, जुनाच चालू करतो." तर जुनाही उठेना. अर्धा नवा आत जाऊन बसलेला, अर्धा जुना मेलेला. फ्लॉपी काढून बघितली, तर तिच्या मधल्या फटीत कुंकवाचे दोन कण.

आम्ही एसटीडी बूथवर जाऊन कंपनीच्या माणसाला फोन लावला. रिसीव्हर दोघांच्या कानाच्या मधी धरला. पोरानं कुंकवाचं खरं ते सांगितलं, आणि मग पडद्यावरची ओळ वाचायला लागला. "साहेब, त्यात व्हर्जन का कायतरी चुकीचं हाय म्हणून..."

तिकडून हसण्याचा आवाज. "थांब थांब. फ्लॉपीची ओटी भरली का रे तुम्ही? साडीचोळी नाही नेसवली?"

ओळ त्यानं ऐकूनच घेतली नाही. दोनदा वाचली, दोनदा तो हसला. "काकूंना सांगा, बारसं करू," म्हणाला आणि फोन ठेवला.

एसटीडीवाल्याच्या खोक्यात बोललेलं खोक्यातच राहतं काय? संध्याकाळच्या चहापर्यंत मोंढा हसायला लागला. "काय मालक, कॉम्प्युटरला कितवा म्हैना?" हॉटेलवाला म्हणाला, "डोहाळजेवण घाला की एकदा." मी कप तसाच आपटून उठलो. मला हसले असते तर मी दोन देऊन दोन घेतले असते. पण हे हसणं माझ्या बायकोवर होतं. भाजी घ्यायला गेली तर बाया तोंडाला पदर लावून विचारायच्या, "आता कुणाला कुंकू लावताव, वैनी?"

ती घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "माजा हात लागला अन् चालतं दुकान बंद पडलं." त्या दिवसापासून तिनं छापखान्याची पायरी चढायची सोडली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला म्हटलं चल, तर म्हणाली, "आता तेवढं बी बुडवू का?"

मी दसऱ्याच्याच आठवड्यात रेल्वेनं औरंगाबाद गाठलं. ऑफिसात तो माणूस होता. मला बघून शेजारच्याला कोपरानं खुणावलं. मी बसलो. त्यानं चहा विचारला, मी घेतला नाही. म्हणाला, नव्या फ्लॉप्या पाठवतो. मी म्हटलं, "पाठवायच्या न्हाईत. तू सोता यायचं, तुज्या हातानं घालायच्या. कुंकवानं बिघडलं का आनिक कशानं, ते माज्या गावासमोर दिसू दे." तो म्हणाला बघू. मी तसाच बसून राहिलो. ऑफिस बंद करायची वेळ झाली तेव्हा तो "येतो हो काका" म्हणाला.

तो आला त्या दिवशी मी हॉटेलवाल्याला दुकान सोडून आणला, एसटीडीवाल्याला आणला, वर तोंडाळ म्हणून नाव असलेले दोघं-तिघं आणले. पोरानं मशीन आतून स्पिरिटनं पुसून ठेवलेलं. कंपनीच्या माणसानं सगळ्यांसमोर सीलबंद पाकीट फोडलं, फुंकर मारून फ्लॉपी दाखवली. "बघा, स्वच्छ." पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला मशीन अडलं. तीच जागा, तीच ओळ.

हॉटेलवाला पुढं वाकून पडदा बघायला लागला.

"आता कुणी ओटी भरली?" मी विचारलं.

त्यानं वाकून ओळ वाचली. पहिल्यांदा वाचली! मग चष्मा पुसत म्हणाला, "तुमच्या मशीनची सिस्टीम फार जुनी आहे काका. नवा प्रोग्राम त्याच्यावर चालत नाही. जुन्या सिस्टीमला आमचा सपोर्ट नसतो. मशीनच बदला."

"हे तुला विकतानी ठाऊक न्हवतं?"

"आमच्या लक्षात..."

"पोरगं फोनवर हेच वाचून सांगायलं व्हतं. तवा तू दात काढायला व्हतास!"

मी फार बोललो. इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्याची सुटकेस उचलून ट्रेडलच्या मागं ठेवली अन् त्याच्यावर बसलो. "माज्या जुन्या फ्लॉप्या आण अन् ही घेऊन जा." जुन्या आता मिळत नाहीत, पुसून टाकतात, असं तो सांगत राहिला. मी म्हटलं, मग सुटकेसही मिळत नाही. तो रिकाम्या हातानं एसटीत चढला. चार दिवसांनी एसटीच्या पार्सलात जुन्या फ्लॉप्या आल्या. पुसल्या-बिसल्या काही नव्हत्या. परतीच्या गाडीनं सुटकेस पाठवून दिली.

पण जुन्याही नीट बसेनात. नव्याच्या फायली जुन्यात मिसळलेल्या. पोरगा एकेक हुडकून काढायचा, की दुसरीच चूक यायची. मी मागं उभा राहून बघत होतो. टाइपाच्या केसीत दुसऱ्या मापाचं अक्षर मिसळलं तर आम्ही काय करायचो? वेचत बसलं की हमखास एक राहतं, आणि तेच नेमकं नवरीच्या नावात निघतं.

"समदं ओतून टाक," मी म्हटलं. "केस रिकामी कर अन् पैल्यापासून भर."

"दादा, ह्ये शिसं न्हाई," पोरगा म्हणाला.

"मंग काढ वेचून. बसलो हाय मी."

दुपारपर्यंत वेचून झालं नाही, तेव्हा त्यानं मुकाट्यानं सगळं पुसलं. मूळ सिस्टीमची जुनी फ्लॉपी आमच्याचकडं होती, ती आधी घातली, वर जुना प्रोग्राम. ओळीनं सगळ्या गेल्या. पडद्यावर मराठी अक्षर उठलं. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली पत्रिका आम्ही त्याच मशीनवर जुळवून छापली, जुन्याच गणपतीसकट.

मी त्याच पावली घरी गेलो. हॉटेलवाल्याला दंडाला धरून सोबत नेला आणि बायकोसमोर उभा केला. "सांग हिला." तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "वैनी, तुमचं कुंकू न्हवतं. त्या मान्साचीच चूक निगाली. माज्या डोळ्यानं बगितली."

तिनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी चल. मशीन चालायलंय."

"मशीनला कळलं आसंल," ती म्हणाली. "लोकायला कुठं कळलंय?"

खरंच होतं तिचं. खोटं हसत हसत गावभर गेलं होतं. खरं सांगायला मी एकटा फिरत होतो, आणि ते ऐकून कुणाला हसू येत नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला तिनं ताट तयार करून सुनेच्या हाती छापखान्यात पाठवलं. मी ताट तसंच परत धाडलं. सांगितलं, पूजा हिच्या हातानं होईल, नाहीतर होणार नाही. पोरगा चिडला, शेजारी म्हणाले अपशकुन करायलाव. करायलोय! घरी आलो तर ती म्हणाली, "येवढा हट्ट बरा न्हवं."

"तुजा बरा हाय?"

त्या साली ट्रेडलला फूल लागलं नाही, कॉम्प्युटरलाही नाही, आणि दसऱ्याला मी पट्टा तसाच फिरवला.