सवयीतला य

कित्येक वर्षं दुसऱ्याच्या दुकानात खेळणी विकल्यावर बायकोने खोपटला, एसटी डेपोजवळ, स्वतःचा गाळा घेतला.

"बोर्डावर सरळ 'खेळणी' लिहू या," ती म्हणाली.

"अगं, इंग्रजी हवं. ते माझ्यावर सोड."

खरं तर मराठी शाळेतून इंग्रजी अनेकवचनाचा एकच नियम माझ्यासोबत बाहेर पडलेला: शेवटी वाय दिसला की हाकलायचा, आयईएस बसवायचं. बेबीचं बेबीज, लेडीचं लेडीज. मला तो आवडायचा, कारण साडीच्या साड्या होताना आपली ईसुद्धा अशीच निमूट निघून जाते.

बोर्डवाला म्हणाला, "काका, 'टॉईज'चं स्पेलिंग असंच? टी-ओ-आय-ई-एस?"

"असंच. नियम आहे."

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड चढला. बायको रस्त्यापलीकडे जाऊन बघत राहिली. मी पण छाती काढून उभा. तेवढ्यात बॅगा सांभाळत एक बाई आल्या. बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वहिनी, टॉयलेट आतून आहे का?"

कॉलेजातली आमची मुलगी पोट धरून हसली. "बाबा, वायच्या आधी कोण उभं आहे ते बघायचं असतं! इथे ओ आहे ना, स्वर. मग वाय तसाच ठेवून पुढे नुसता एस."

"पण साडीच्या साड्या..." मी पुटपुटलो.

"आणि सवय?" बायको म्हणाली. "सवय, सवयी. य गेला का कुठे? तुमची इंग्रजी झाडायची सवय तरी कुठे जाते!"

हसलो सगळेच. पण तिचा आवाज शेवटी जरा चिरकला. उद्या सासर-माहेर दोन्हीकडची माणसं येणार होती, आणि ही तिची पहिली स्वतःची पाटी. वायच्या आधी कोण आहे ते मी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या आधी 'खेळणी' कोण म्हणालं तेही.

ती आत गेली. विकायला ठेवलेल्या फोमच्या एबीसीडीच्या चटईचं पाकीट फोडून तिने त्यातला सुटा निघणारा वीतभर पिवळा वाय काढला आणि स्टुलावर चढून 'आयई'वर चिकटवला. मी स्टूल धरलं.

लोकांना वाटतं, मुद्दामच तशी डिझाइन केलीय. उरलेली चटई कोण घेणार? ती आमच्या हॉलमध्ये पसरलीय. चहा घेऊन येताना माझा अंगठा अजून वायच्या भोकात अडकतो.