माणसाविना चालणारी गाडी

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली कुठेच जात नाही, साठत राहते. माझ्याकडे एका गाडीच्या अशा बऱ्याच बातम्या साठल्या आहेत.

आणीबाणी नुकतीच उठली होती. वाशीमकडच्या एका नगरपालिकेनं गटारं साफ करणारी, ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी बनवायला घेतली होती. इंजिनिअर वानखडे. पंपाचं इंजिन, पुढं फावडं, दोन्ही बाजूंना गटाराच्या भिंती चाचपणाऱ्या लोखंडी दांड्या. भिंत वळली की दांडी दबायची आणि चाक आपोआप वळायचं. माणूस हुशार होता, त्याबद्दल वाद नाही.

गाडीची सगळ्यात जास्त वाट पाहत होता किसन, पालिकेचा सफाई कामगार. त्याचा भाऊ मैल्याच्या टाकीत उतरला, तो जिवंत वर आला नाही. नगराध्यक्षांनी किसनला शब्द दिला होता, की गाडी चालू झाली की तुझं टाकीत उतरणं बंद, तुला बागेत माळी करतो. त्याची बायको शांता, पालिकेतच रस्ते झाडणारी, गाडीसाठी नवस बोलली होती.

* * *

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी किसनला हुकूम आला, गटार घासून चकाचक कर. गाडी अडकली तर साहेबांची फजिती व्हायची!

धुतलेल्या गटारातून गाडी सुळकन गेली. टाळ्या पडल्या. गाडीला हार घातला. पेढा किसनलाही मिळाला, पण वरून, हातावर टाकून.

कशी वाटली, मी विचारलं. म्हणाला, “मस्त हाय भाऊ. आता गटार घान झालं की मंग पाहू.”

* * *

गाळात गाडी रुतायची. म्हणून तिला मागून दोर बांधला आणि दोर धरून गटारातून चालायला किसन. फोटोग्राफर त्याला म्हणाला, बाजूला हो, तू फोटोत येतोस. किसननं दोर सोडला. भिंत फुटली होती तिथून गाडी वर चढली आणि थेट कापडाच्या दुकानात!

मी बातमीत दोर लिहिला, दुकानही लिहिलं. संपादकांनी दोन्ही कापलं. मी भांडलो.

“गाडीचं कौतुक करायचंय की दोराचं?” ते म्हणाले.

* * *

मग विक्री. केनवडच्या पुढं एका खेड्यात गाडी दाखवायला नेली. तिथं गटारच नव्हतं. आता आलोच आहोत म्हणून वानखड्यांनी किसनला लहानसं गटार खणायला लावलं. भर उन्हात त्यानं एकट्यानं खणलं. गाडी त्यातून पाच मिनिटं चालली.

सरपंच गाडीकडे पाहीनात, किसनकडेच पाहत होते. “इंजिनिअरसाहेब,” ते म्हणाले, “गाडी घिऊन जा. ह्या मानसाले ठिवून जा.”

सगळ्यात मोठ्यानं किसनच हसला.

* * *

बागेचं काय झालं, हे मी पालिकेत जाऊन विचारत होतो. गाडी अजून ट्रायलवर आहे, हे एकच उत्तर. किसनचं काम मात्र दुप्पट. आधी गटार काढायचं, मग गाडी धुवायची. शांता त्याला टोमणा मारायची, “तिले रोज न्हाऊ घालून राह्यला, घरच्या म्हशीले तरी कधी घातलं काय?”

* * *

नागपूरचं गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी सरकारी विश्रामगृहामागं शेवटची ट्रायल होती. मैल्याच्या टाकीचं झाकण कुणी उघडं ठेवलं होतं. दांड्यांना भिंत सापडली नाही. गाडी टाकीत गेली.

नगराध्यक्षांनी किसनला बोलावलं. किसन टाकीच्या तोंडाशी उभा राहून खाली पाहत होता.

“साहेब, मी उतरू नाई म्हून तर हे आनलं होतं.”

“शेवटचंच रे. उद्यापासून बागेत.”

दोर एकच होता. तो धरून किसन उतरला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “बांदलं, खींचा!” पाचसहा जणांनी कोरड्या टोकाला धरून ओढलं. गाडी वर आली. वानखडे तिच्याकडे धावले, इंजिन पाहू लागले.

खालून आवाज येईना. मी ओरडलो, दोर टाका! दोराची गाठ गाडीला करकचून बसलेली, मैल्यानं माखलेली. कुणी हात पुढं करेना. कुणीतरी काठी शोधायला गेलं. मी वाकलो, पण माझ्या बोटांनी ती सुटेना.

शांता रस्ता झाडत होती, ती धावत आली. मला बाजूला सारून तिनं ती गाठ दातांनी सोडली.

दोर खाली सोडला. तिनं हाक मारली. आणखी एकदा मारली.

मग दोर वर घेतला. तो हलका आला.