बाराशे मीटरची घोडी

तबेल्यात सगळे त्यांना नाना म्हणत. मोतद्दार म्हणून तीस वर्षं घोड्यांचे पाय चोळण्यात गेलेली. त्यांच्या हाताखालच्या तांबड्या घोडीने बाराशे मीटरच्या तीन शर्यती मारल्या आणि मालकांना चोवीसशे मीटरच्या मोठ्या चषकाचे डोहाळे लागले.

"मालक, ही सुटते तीच जीव तोडून. दम राखून पळणं तिला जमत नाही. लांब पल्ल्याला नका घालू," नाना म्हणाले.

"तुम्ही खरारा करा, नाना. पल्ला मी ठरवतो."

चौदाशे मीटरपर्यंत तांबडी सगळ्यांच्या पुढे होती. मग तिची मान खाली गेली आणि एकेक घोडा तिला मागे टाकत गेला. पुढच्या महिन्यात मालकांनी तिला पुन्हा चोवीसशेलाच उतरवलं. पुन्हा तेच झालं. पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी तिची पैदाशीला रवानगी झाली. कारकुनाने कागदावर शेरा मारला, 'दम नाही.'

"त्यापुढे 'चोवीसशेला' एवढं तरी लिही रे," नाना चिडून म्हणाले.

"नाना, जागा एका ओळीचीच आहे."

नानांनी लगाम त्याच्या टेबलावर आपटला आणि तांबडीला गाडीत चढवायला ते स्वतःच गेले.