पूर्ण आठ

मुलुंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाई सगळ्यांशीच पेशंटशी बोलावं तशा बोलत. स्कूटर सुरू होईना, तर तिलाही म्हणत, "घाबरायचं नाही, लांब श्वास घ्यायचा." बाळंतपणांसाठी दूरदूर पायपीट करावी लागे, म्हणून त्यांनी ती स्कूटर एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. त्यांच्याबरोबर मीही ती चालवायला शिकलो. मी एका शेटजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. माझं लायसन स्कूटरलाही चालेल, असंच मी धरून चाललो होतो.

"ते मोटारीचं हो. दुचाकीची परीक्षा वेगळी," असं दटावून बाईंनी मला आपल्याबरोबर परीक्षेला नेलं.

मैदानात चुन्याने इंग्रजी आठ आखला होता. पाय न टेकता त्यावरून स्कूटर न्यायची. मी दुसऱ्याच वळणावर पाय टेकला आणि नापास झालो.

मग बाई पदर खोचून पुढे आल्या. परीक्षा घेणारे साहेब हसून म्हणाले, "बाई, तुम्ही अर्धाच काढा. पास करतो."

"का? मी काय अर्ध्याच रस्त्यावर चालवणार आहे?"

त्यांनी पूर्ण आठ काढला, मग पुन्हा उलट्या बाजूने काढला. साहेबांनी सही केली.

"बसा मागे," त्या मला म्हणाल्या.

बाजारातून येताना लोक वळून वळून बघत होते. मी मान खाली घातली. तेवढ्यात वाणी ओरडला, "काय ड्रायव्हर, तुम्ही मागे?"

"मी नापास, बाई पास!" मीही ओरडलो, आणि मला हसूच फुटलं.

नर्सबाईंनी दोनदा हॉर्न वाजवला.